अहवालाचा शेवटचा रकाना

दिवाळीच्या दिवसांत पोटाच्या तपासणीविषयी लिहावयाचे म्हणजे चकल्यांच्या ताटात औषधाची बाटली आणून ठेवण्यासारखेच आहे. परंतु या सदराच्या वाचकांना माझी ही खोड ठाऊक आहे. दर आठवड्याला एका पानात रक्त, लघवी आणि थुंकी यांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाकडून दिवाळी अंकात कोणी प्रेमकथेची अपेक्षा करीत नाही. शिवाय संपादकांनी या खेपेस जागा सढळ हाताने दिली आहे. तेव्हा एरवी एका पानात न मावणारा विषय आज घेतो. विषय आहे शौचाच्या एका तपासणीचा. तिचे नाव जरा अवघड आहे : कॅलप्रोटेक्टिन. फराळ आटोपून मग वाचले तरी चालेल. पण ज्यांच्या घरात तान्हे मूल आहे, शाळकरी मूल आहे किंवा साठी ओलांडलेले माणूस आहे, त्यांनी वाचावेच. म्हणजे जवळजवळ सर्वांनीच.

हल्ली तपासणीचा अहवाल डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या मोबाइलवर येऊन पडतो. त्यात सामान्यतः चार रकाने असतात. पहिल्यात तपासणीचे नाव, दुसऱ्यात आपला आकडा, तिसऱ्यात माप आणि शेवटच्यात ‘सर्वसाधारण’ आकडा. पहिला रकाना कोणी वाचीत नाही, तिसरा कोणाला कळत नाही. सगळ्यांचे डोळे दुसऱ्यावरून शेवटच्याकडे जातात. आकडा त्यात बसला की घर हसते, आणि न बसता ठळक अक्षरांत छापून आला की घराचा चेहरा उतरतो. पण तो शेवटचा रकाना कोणासाठी छापला आहे, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीतल्या एक वहिनी असा एक अहवाल घेऊन आल्या. त्यांची नात अडीच महिन्यांची. संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन तासन्‌तास रडायची. ग्राइपवॉटर झाले, पोटावर हिंगाचे पाणी लावून झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी कोणा नातेवाइकाच्या सांगण्यावरून त्यांनी बाळाची शी तपासून घेतली. कॅलप्रोटेक्टिन आले 286. शेवटच्या रकान्यात छापले होते : ‘50 पेक्षा कमी’.

जवळजवळ सहापट! मग काय, घरात न्यायालयच भरले. एका आत्याबाईंनी दोष दिला डिंकाच्या लाडवांना, दुसऱ्या म्हणाल्या तुरीची डाळ. कोणा सुशिक्षित मामांनी मोबाइलवर शोधून ‘आतड्याचा दाह’ असा शब्द काढला आणि दुर्बिणीच्या तपासणीचा विषय काढला. अखेर निकाल लागला तो असा की, आईचे दूधच बाळाला बाधत असावे; ते बंद करून डब्याचे सुरू करावे. ती बिचारी बाळंतीण दोन दिवस नुसत्या मऊ भातावर होती आणि कोपऱ्यात बसून रडत होती.

“डॉक्टर, खरं सांगा,” वहिनी म्हणाल्या, “पोरीच्या आतड्यात झालंय तरी काय?”

मी विचारले, “वजन वाढतंय का? दूध नीट ओढते का? शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, पोट फुगणं, ताप, यातलं काही?”

वजन छान वाढत होते. बाकी काही म्हणजे काही नव्हते.

“मग वहिनी, हा पन्नासाचा आकडा तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी छापलेला आहे. तिच्यासाठी नव्हे. तिचं अंगावरचं दूध मुळीच बंद करू नका, आणि तिच्या बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून या.”

त्यांनी दाखविले. त्या बाईंनीही बाळाला नीट तपासून तेच सांगितले. चौथा महिना संपता संपता संध्याकाळचे रडे आपोआप ओसरले, जसे बहुतेक बाळांचे ओसरते. पण हे 286 आणि 50 यांचे कोडे काय आहे, ते समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. कोठे जंतू शिरले, कोठे दाह झाला की ते पहिले धावून जातात. त्यांच्या अंगात कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन ठासून भरलेले असते. पेशीच्या पातळ द्रव्यातल्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मा वाटा त्याचा. त्याचे काम मोठे गमतीचे आहे. जंतूंना वाढण्यासाठी जस्त आणि मँगनीज हे धातू लागतात. हे प्रथिन ते धातू आपल्यापाशी धरून ठेवते आणि जंतूंची उपासमार करते. शत्रूची रसदच तोडावयाची, असा हा गनिमी कावा आहे.

नॉर्वेत मॅग्ने फागरहोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली हे प्रथिन पांढऱ्या पेशींतून वेगळे काढून दाखविले. तेव्हा त्याला नुसते ‘एल-1’ म्हणत. कॅल्शियमला धरणारे आणि जंतूंपासून रक्षण करणारे म्हणून 1990 साली त्याचे कॅलप्रोटेक्टिन असे बारसे झाले. मग 1992 साली फागरहोल आणि त्यांच्या मंडळींनीच हे प्रथिन शौचात मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. आतड्याच्या भिंतीला दाह झाला की शिपाई मोठ्या संख्येने तेथे जमतात, काही आतड्याच्या पोकळीत उतरतात, तेथेच मरतात आणि त्यांच्या अंगातले प्रथिन शौचावाटे बाहेर पडते. आतड्यातले जंतू आणि पाचक रस इतर प्रथिनांचा चटकन फडशा पाडतात. हे मात्र चिवट, सहजासहजी मोडत नाही. म्हणून शौचात ते किती आहे यावरून आत किती लढाई चालली आहे याचा अंदाज बांधता येतो.

आता तिसरा रकाना, जो कोणाला कळत नाही. या तपासणीचे माप असते दर ग्रॅमला मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले की एक मायक्रोग्रॅम होतो. तेव्हा 50 म्हणजे दहा लाखांत पन्नास. इतकी बारीक मोजदाद आहे ही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत ही तपासणी फार उपयोगी पडते. पुष्कळांना वर्षानुवर्षे पोटात कळा येतात, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. त्यांतल्या बहुतेकांच्या आतड्याला सूज नसते. आतड्याची चाल तेवढी हळवी झालेली असते. त्याला डॉक्टर मंडळी आय. बी. एस. म्हणतात. थोड्यांना मात्र क्रोन्सचा आजार किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असतो. यांत आतड्याला खरोखरीचा दाह होतो, जखमा होतात. दोघांच्या तक्रारी सारख्याच, आणि पूर्वी निवाडा करावयाचा तर दुर्बीण घालण्यावाचून गत्यंतर नसे. 2010 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की, आतड्याच्या दाहाचा संशय असलेल्या मोठ्या माणसांना आधी ही तपासणी केली तर दुर्बिणीच्या तपासण्या 67 टक्क्यांनी कमी होतील. मुलांच्या बाबतीत 35 टक्क्यांनी. अर्थात फुकट काहीच मिळत नसते. मोठ्यांपैकी 6 टक्के आणि मुलांपैकी 8 टक्के रुग्णांचे निदान या चाळणीमुळे लांबणीवर पडेल, असेही त्याच हिशेबात होते.

ही झाली मोठ्यांची गोष्ट. तान्ह्या बाळाचा मामला निराळा. आईच्या पोटात असताना त्याचे आतडे जवळपास कोरे असते. जन्मल्याबरोबर कोट्यवधी जंतू तेथे बिऱ्हाड करावयास येतात, त्यांतले बहुतेक पुढे आयुष्यभर उपयोगी पडणारे. आतड्याची भिंत अजून कोवळी असते, तिच्यातून पदार्थांची ये-जा जास्त होते. नव्या वसाहतीत पोलिसांचा पहारा जास्त ठेवावा लागतो ना, तसे शिपाई तेथे येत-जात राहतात. ती लढाई नव्हे, ती वसाहत बसविण्याची धांदल. त्यातून अंगावर पिणाऱ्या बाळांत हा आकडा डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा जास्त असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे तो पाहून आईचे दूध तोडणे हा केवढा उफराटा न्याय!

नॉर्वेतल्याच संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेले दोन आकडे तर प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत सांगण्यासारखे आहेत. साधारण दोन महिन्यांची बाळे त्यांनी तपासली. काही संध्याकाळी कळवळून रडणारी, काही शांत. रडणाऱ्या बाळांची सरासरी आली 278 आणि शांत बाळांची 277. एकाचा फरक! मोठ्या माणसासाठी छापलेल्या पन्नासाच्या रेषेने पाहिले तर ती शांत, गुटगुटीत बाळेसुद्धा सरसकट आजारी ठरली असती.

मूल मोठे होऊ लागले की आकडा उतरत जातो. डेन्मार्कमधल्या 2014 च्या अभ्यासात निरोगी मुलांची वरची मर्यादा अशी मिळाली : एक ते सहा महिने, 538; सहा महिने ते तीन वर्षे, 214; तीन ते चार वर्षे, 75. स्पेनमधल्या 2017 च्या अभ्यासात पहिल्या वर्षात ही मर्यादा 910 पर्यंत गेली, एक ते चार वर्षांत 286 आणि चार ते बारा वर्षांत 54 वर आली. स्वीडनमध्ये 2003 साली चार ते सतरा वर्षांच्या निरोगी मुलांवरून मोठ्यांची पन्नासाची रेषा या वयालाही चालेल, असे ठरले. आकडे जुळत नाहीत, पण उतार सगळीकडे तोच आहे. पहिल्या वर्षात उंच, मग घसरण, आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास मोठ्यांच्या पंक्तीत.

आकडे जुळत का नाहीत, असे कोणी विचारील. तर हा शेवटचा रकाना तयार कसा होतो ते सांगतो. निरोगी माणसे गोळा करावयाची, प्रत्येकाचा आकडा काढावयाचा आणि लहानापासून मोठ्यापर्यंत त्यांना रांगेत उभे करावयाचे. शंभरातली पंचाण्णव किंवा साडेसत्त्याण्णव जेथे संपतात, तेथे रेघ ओढावयाची. म्हणजे निरोगी असूनही वीस किंवा चाळीस माणसांतले एक रेघेच्या पलीकडे पडणारच. ते त्या रीतीतच आहे. रांगेत दोन वर्षांची किती आणि नऊ वर्षांची किती, यावर रेघेची जागा बदलते. मोजण्याचे साहित्य कोणत्या कंपनीचे, यावरही बदलते. एकाच माणसाचा आकडासुद्धा रोज सारखा येत नाही. म्हणून वाचक भगिनींना विनंती की, वर दिलेले आकडे कापून कपाटाच्या दारावर चिकटवू नयेत. उतार लक्षात ठेवावा म्हणजे झाले.

वयाप्रमाणे आकडा बदलणे यात नवल काहीच नाही. तान्ह्या बाळाची नाडी मिनिटाला 120-140 चालते. आपली तशी चालली तर आपण धावत दवाखाना गाठू. वाढत्या मुलाच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असते, कारण हाडे वाढत असतात. नाडीचे आपल्याला ठाऊक असते म्हणून भीती वाटत नाही. कॅलप्रोटेक्टिनचे ठाऊक नसते, एवढाच फरक.

परंतु आता नाण्याची दुसरी बाजू पाहा, कारण माझ्या मते ती अधिक गंभीर आहे. “मुलांचं जास्तच असतं हो,” हे वाक्य एकदा कानांवर पडले की ते बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही लावले जाते. समजा, सातवीतल्या मुलाचा आकडा 600 आला. त्याला तान्ह्या बाळाची सवलत मिळणार नाही. त्याची वसाहत कधीच बसून गेली आहे. आता पहारा वाढला असेल तर त्याला काही कारण असले पाहिजे. अशा मुलाचे पोट सतत दुखते का, रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागते का, शौचात रक्त दिसते का, तोंडात फोड येतात का, गुदद्वाराशी गळू किंवा जखम होते का, हे विचारावे. आणि एक खूण तर आईलाच सर्वांत आधी दिसते. दिवाळीचे नवे कपडे घेताना त्याला गेल्या वर्षीचेच माप लागत असेल, तर “अंगानं किरकोळच आहे” म्हणून सोडून देऊ नका. क्रोन्सचा आजार मुलांत पुष्कळदा असाच येतो. पोटाची तक्रार थोडी, पण उंची आणि वजन मात्र अडलेले. वाढीची वर्षे मोजकी असतात. ती आजारात गेली तर मागाहून भरून काढणे कठीण जाते. अशा मुलाला पोटविकारतज्ज्ञाकडे न्यावे आणि दुर्बीण सांगितली तर टाळू नये.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी लागते. आतड्याच्या क्षयरोगातही हा आकडा चढतो. साध्या जंतुसंसर्गाने जुलाब लागले तरी चढतो. आत लढाई आहे एवढे तो सांगतो; शत्रू कोण, ते सांगत नाही. म्हणून जुलाब चालू असताना केलेल्या तपासणीवरून जन्माचा आजार ठरवू नये.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांकडे वळू. उतारावरून खाली आलेला आकडा म्हातारपणी पुन्हा थोडा चढतो. इंग्लंडमधल्या 2010 च्या एका अभ्यासात निरोगी माणसांची वरची मर्यादा दहा ते एकोणसाठ या वयांत 51 होती, तर साठ आणि त्यापुढे 112. म्हणजे सत्तरीतल्या आजोबांचा आकडा 90 आला तर तो तिशीतल्या नातवाच्या 90 सारखा वाचावयाचा नाही. शिवाय आजोबांच्या उशाशी काय काय आहे तेही पाहिले पाहिजे. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून परस्पर आणून घेतल्या जातात. त्यांनी आतड्याला ओरखडे पडतात आणि आकडा चढतो. पित्ताच्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनीही तो चढलेला दिसतो. अशा वेळी डॉक्टर पुष्कळदा दुखण्याच्या गोळ्या थांबवून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावयास सांगतात. मात्र हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन कोणी आपल्या मनाने बंद करू नये. आकडा सुधारावा म्हणून हृदय संकटात घालणे हा शहाणपणा नव्हे.

आणि वडीलधाऱ्यांच्या बाबतीत एक इशारा ठळक अक्षरांत छापण्यासारखा आहे. शौचात रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय, किंवा वर्षानुवर्षांची शौचाची सवय एकाएकी बदलणे, यांपैकी काही असेल तर कॅलप्रोटेक्टिनचा आकडा चांगला आला म्हणून स्वस्थ बसू नये. आतड्याच्या कर्करोगाला हा आकडा दर वेळी पकडतोच असे नाही. तेथे दुर्बीणच हवी. आपल्याकडची वडील माणसे “मूळव्याध आहे झालं” म्हणून वर्षभर अंगावर काढतात. मुलांना सांगावयाची लाज, सुनेला सांगावयाची त्याहून जास्त. तेव्हा विचारणे हे मुलांचेच काम आहे.

शेवटी थोडे व्यवहाराचे. तपासणीला शक्यतो सकाळचे पहिले शौच द्यावे आणि नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावा. हे प्रथिन चिवट असले तरी घरच्या उष्णतेत दिवसेंदिवस ठेवले तर आकडा घटतो आणि खोटा दिलासा मिळतो. तपासणी पुन्हा करावयाची झाली तर त्याच प्रयोगशाळेत करावी. नाहीतर दोन गावांच्या दोन तराजूंवर वजन करून सोने कमी भरले म्हणण्यासारखे होईल. नमुन्याच्या चिठ्ठीवर वय स्पष्ट लिहावे, आणि तान्हे मूल असेल तर महिन्यांत लिहावे. चालू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. आणि अहवाल हाती आला की एक प्रश्न विचारण्यास संकोच करू नये : “हा शेवटच्या रकान्यातला आकडा आमच्या माणसाच्या वयाचा आहे का?” आम्हां प्रयोगशाळेतल्या मंडळींना असा प्रश्न विचारलेला आवडतो. कित्येक अहवालांवर अजून एकच रेघ सर्व वयांसाठी छापली जाते, आणि ती बदलावयाची तर विचारणारी माणसे वाढली पाहिजेत.

बाकी परवाच्या फराळाने ज्यांचे पोट बिघडेल, त्यांना यांतल्या कोणत्याही तपासणीची गरज नाही. एक दिवस ताक-भात खावा आणि शेजारच्यांच्या करंज्या परवापर्यंत राखून ठेवाव्यात. सर्व वाचकांना दिवाळी सुखाची आणि पचनाची जावो!